वाघाची नजर

"वाघाच्या सालात जन्मलेल्यांनी आता इथून उठायचं," थोरल्या काकूंनी फर्मान काढलं. "नवरी सजून बाहेर येतेय. वाघाची नजर पडली तर पोरीचा संसार उसवेल."

बारा वर्षांच्या चक्रात दर सालाला एक जनावर, आणि खोलीत वाघाच्या सालातलं माणूस एकच होतं. मेइयिनने ओढणीच्या काठाला शेवटचा मोती टाचला, दोरा दाताने तोडला आणि ओढणी गुपचूप काकूंच्या हातात दिली. ती तिनेच शिवली होती. चीनमधल्या छ्वानचौ शहराच्या त्या गल्लीत निघताना नवरीच्या चेहऱ्यावर ओढणी सोडायचा मान आईचा. पण नवरीची, छिंगलानची, आई ती लहान असतानाच गेली होती. मेइयिन सावत्र, आणि वर वाघ. म्हणजे बोलायलाच नको.

"वहिनी, आजच्या दिवस राहू दे ना तिला," नवरीचा बाप वेनबिन पुटपुटला.

"तू बोलूच नकोस. उंदराचं काळीज तुझं!"

थोरल्या काकूंकडे प्रत्येक प्रसंगाला एक जनावर तयार असे. सकाळीच मेइयिन मोत्यांची आणखी एक ओळ लावायला बसली, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "सापाचं चित्र काढून झालं, आता त्याला पाय कशाला काढतेस?" मेइयिन लग्न होऊन या घरात आली, त्या दिवशीही त्यांनी अंगणात उभं राहून चिमुरड्या छिंगलानकडे बोट दाखवलं होतं. "शेळीच्या सालची पोर. गेली बिचारी वाघाच्या तोंडात!"

बायका हसल्या होत्या. पोर हसली नव्हती. ती पुढे कितीतरी दिवस खोलीला आतून कडी लावून झोपायची. नंतर कडी निघाली, पण हाक 'मावशी' हीच राहिली. तापात मावशी, परीक्षेच्या दिवशी मावशी, पहिला पगार हातात ठेवतानाही मावशीच. मेइयिनने कधी तक्रार केली नाही. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, अशी गल्लीची ठाम समजूत. तिथे हाकेचा हट्ट कुठे धरायचा?

ती मागच्या स्वयंपाकघरात आली आणि तिने दार लोटून घेतलं. बुटक्या स्टुलावर बसून तांदळाच्या पिठाच्या गोळ्या वळायला घेतल्या. वऱ्हाडाला साखरेच्या पाण्यात गोळ्या द्यायच्या होत्या, म्हणजे नव्या संसारात गोडवा येतो. सजायच्या खोलीचं दार अर्धवट उघडंच होतं. काकूंचं फर्मान छिंगलानने नक्की ऐकलं असणार. पण आतून एक शब्द आला नव्हता. मेइयिनला वाईट वाटलं. वाईट वाटायचं काही कारण नाही, असं तिने स्वतःला बजावलं, आणि तरीही वाटलंच.

पण खरं दुखणं वेगळं होतं. काकूंना कोणी गप्प बसवलं असतं, तरी मेइयिन उठलीच असती. तिची तिलाच भीती वाटत होती. लहान होती तेव्हा मामेबहिणीच्या लग्नात तिने दाराच्या फटीतून नवरी पाहिली होती. त्याच वर्षी बहिणीचा नवरा समुद्रातून परतला नाही. वादळ अख्ख्या किनाऱ्याने पाहिलं होतं, पण दोष लागला मेइयिनच्या डोळ्यांना. तेव्हापासून कुठे लग्न निघालं की तिच्या मनात पाल चुकचुकायची, आणि ती चार हात लांब राहायची. लोक मूर्ख आहेत असं ती म्हणे. मन मात्र लोकांच्या बाजूचं होतं.

गल्लीच्या तोंडाशी फटाके वाजले. नवरदेवाच्या गाड्या आल्या. तेवढ्यात बैठकीत एकच गलका उठला.

"अगं, कुठे निघालीस? मुहूर्त टळेल! छिंगलान!"

स्वयंपाकघराचं दार उघडलं. लाल रेशमाची एक कड जमिनीवर दिसली मात्र, मेइयिनने भिंतीकडे तोंड केलं. पिठाचे दोन्ही हात डोळ्यांवर गच्च दाबले.

"जा इथून! मी काही बघितलं नाही. जा बाळा, लवकर जा."

"मावशी, ओढणी सोडायचीय."

"काकू सोडतील."

"तुम्ही शिवलीत, तुम्हीच सोडा."

"वेडी आहेस का? माझ्या बहिणीचं काय झालं ते ठाऊक आहे ना तुला? मला नाही सोसायचं ते परत. तुझ्या बाबतीत तर नाहीच नाही."

काकू धापा टाकत दारात पोचल्या. त्यांच्यामागे बायकांची गर्दी झाली. "शेळीने आपल्या पायांनी वाघाच्या गुहेत शिरायचं?" त्या कडाडल्या. "अगं, सुखाने नांदायचंय ना तुला?"

छिंगलानने वळूनही पाहिलं नाही. ती मेइयिन आणि भिंतीच्या मधे शिरली आणि नव्या कपड्यांनिशी पिठाने माखलेल्या फरशीवर गुडघे टेकून बसली. तिने मेइयिनची मनगटं धरली. हात डोळ्यांवरून निघेनात.

"काकू, जनावरांच्या सगळ्या म्हणी मी तुमच्याकडूनच शिकले," ती शांतपणे म्हणाली. "एक तेवढी तुम्ही या घरात कधी काढली नाहीत."

मग तिने ते पिठाळलेले हात हलकेच खाली ओढले.

"डोळे उघड, आई. वाघीण आपल्या पिलाला खात नाही."