न भरणारी भेग

जिवंत सिमेंटच्या भिंती आपल्या भेगा आपणच भरून काढत. तिसऱ्या मजल्यावरची एक भेग मात्र वर्षभर भरत नव्हती. घरमालक दिघे भिंतीच्या औषधाची बाटली घेऊन चौथ्यांदा जिने चढले. भाडेकरू इंदुमतीबाई दारातच उभ्या राहिल्या.

"काकू, आज तरी आत येऊ द्या. खालच्यांकडे ओल उतरतेय."

"आज नको. पाहुणे आहेत."

दारातून दिघ्यांना दिसलं, आत कोणीच नव्हतं. भेगेखाली स्टूल होतं, स्टुलावर चमचा, आणि फरशीवर ताज्या खरवडीची पूड. दिघ्यांना आता भांडायचंही त्राण नव्हतं.

तेवढ्यात भेगेतून शेजारच्या, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या कमलताईंचा आवाज आला, "इंदू, मालक गेले का गं?"

दिघ्यांनी बाटली पिशवीत ठेवली.

"गेले म्हणून सांगा," ते हळूच म्हणाले.