फियाट की आल्फा

“वाईट काय ते आधी सांगतो,” म्हणत उल्हासरावांनी गॅरेजचं दार वर सरकवलं.

हा त्यांचा ठरलेला डाव होता. एटोबिकोचं घर विकून नॉर्थ यॉर्कच्या कंडो-फ्लॅटमध्ये जायचं होतं आणि तिथे पार्किंग एकच. दोनांतली एक गाडी काढा, असं मुलीनं, ऋचानं, बजावलं होतं. गिऱ्हाइकंही तीच पाठवत होती. एकाहत्तर सालची फियाट आणि एक्याण्णवची आल्फा रोमिओ, दोन्हींत उल्हासरावांचा जीव अडकलेला. म्हणून ते दोषांचा असा पाढा वाचत, की आतापर्यंत तीन गिऱ्हाइकं आल्या पावली परत गेली होती.

आजच्या चौथ्या, मार्कहॅमच्या नीलिमाबाई. साठीच्या, आखूड केसांच्या.

“ही फियाट. दोघांपुरतीच. टप गळतो, हीटर नावाला. सकाळी चोक ओढून मिनतवाऱ्या करायच्या.”

“आणि स्टार्ट झाली की?”

“मग थांबावंसं वाटत नाही,” ते बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. “आल्फा वीस वर्षांनी धाकटी. ऐसपैस, उबदार, इंजिन गोड. पण नखरे फार. वायरिंगपुढे मेकॅनिकसुद्धा हात टेकतात.”

“रिपेअर कोण करतं मग?”

“मीच. दर रविवारी. जेवायचंसुद्धा भान राहत नाही.”

बाई पळाल्या नाहीत. उलट दोन्ही गाड्या त्यांनी एकेक करून सरोवराकाठच्या लेक शोअर रस्त्यापर्यंत चालवून आणल्या, उल्हासरावांना शेजारी बसवून. क्लचवर पाय कसा अलगद. किंमत मात्र त्यांनी अजून विचारली नव्हती.

“फियाटमध्ये तुम्ही किती बोलत होतात. आल्फात एकदम गप्प?” परत आल्यावर त्यांनी विचारलं.

“आल्फात मी बसलो होतो ना, ती शोभाची सीट. माझी बायको. पाच वर्षं झाली तिला जाऊन.” खोटं काही सांगावं, हे त्यांना सुचलंच नाही. “तेव्हापासून त्या गाडीत मी एकटाच. बोलणार तरी कुणाशी?”

नीलिमाबाईंनी मान हलवली आणि किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या. ही बाई नक्की गाडी नेणार, असं वाटून उल्हासरावांनी किल्ल्या झटकन खिशात टाकल्या. डावबिव विसरून ते म्हणाले, “माफ करा, तुमची शनिवारची सकाळ फुकट घालवली. खरं सांगायचं तर मला दोन्हींपैकी एकही विकायची नाहीये.”

“आणि मला घ्यायची नाहीये,” नीलिमाबाई शांतपणे म्हणाल्या. “ ‘बाबांसाठी स्थळ म्हणून आलात तर ते दारच उघडणार नाहीत, गाडीचं निमित्त करा,’ हे ऋचाचंच डोकं. माझ्याकडून पसंती आहे, उल्हासराव, आणि माझ्या गॅरेजात दोन गाड्यांची जागा रिकामी आहे.”