शब्द नसलेलं गाणं

ऋतिकाच्या लाडक्या पॉप गायकाच्या नव्या गाण्यात एकही शब्द नव्हता. जुन्या डिझेल इंजिनाची टुकटुक, पाटात पडणारं पाणी आणि मधूनच कुणाची तरी शीळ, बस्स! हिंजवडीच्या ऑफिसात सगळे हसले. "कळायला कान लागतात," असं सुनावून ती धायरीला घरी आली आणि आल्या आल्या तिने ते स्पीकरवर लावलं.

एरवी तिच्या गाण्यांना कोकलणं म्हणणाऱ्या तिच्या आजोबांनी, अप्पांनी, चक्क टीव्ही बंद केला. डोळे मिटून ते मान डोलवायला लागले. ऋतिकाला कोण आनंद झाला!

"बघा अप्पा, किती वेगळं केलंय ना त्याने?"

अप्पा ताडकन उठले. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून ते दाराशी चपला घालायला लागले.

"वाफा भरला असंल. पाणी खालच्या वाफ्यात सोडून येतो."

ऋतिकाचा चेहरा उतरला. अप्पांच्या शेतातली विहीर बुजवून, वाफे सपाट करून त्यावरच तर ही सोसायटी उभी राहिली होती. हे त्यांना आता कितव्यांदा सांगायचं?

तेवढ्यात गाणं संपलं. एका पायात चप्पल घातलेले अप्पा कावरेबावरे होऊन वळले.

"अगं, इंजान का बंद केलंस? खालचा वाफा कोरडा हाय अजून!"

तिने गाणं पुन्हा लावलं.

अप्पांचा जीव भांड्यात पडला. लिफ्टचं बटण दाबत ते म्हणाले, "आता शेतातनं मी हाक मारल्याबिगर बंद करू नको."