तळमजल्यावरचा नळ

"पंप जळाला," राधाकिशन सरांनी सगळ्यांना सांगितलं. "आता टँकरचं पाणी वर चढणार न्हाई. ज्याला लागेल त्यानं तळमजल्यावरच्या नळावर यायचं."

सर बीडच्या इन्क्युबेशन सेंटरचे व्यवस्थापक. नव्या कंपन्यांनी एकमेकींच्या आधारानं वाढावं म्हणून त्यांनी व्याख्यानं ठेवली, ओळखीचे कार्यक्रम केले. लोक फराळ उरकून आपापल्या खोलीत शिरायचे आणि दार लावून घ्यायचे.

अंजनाही त्यातलीच. जनावराच्या गळ्यात बांधला की ताप ओळखणारा पट्टा तिनं बनवला होता. पण चारा छावणीत मोबाइलला रेंज नसायची आणि पट्टा मुका व्हायचा. सेंटरमधली तिची मुदत संपत आली होती. पुन्हा वडिलांच्या मेंढरांमागं जायची तिनं मनाची तयारी केली होती.

नळाची धार करंगळीएवढी. बाटली भरेपर्यंत बोलण्यावाचून इलाज नसायचा.

"तुमी काय बनवता?" रांगेतल्या पुढच्या माणसानं विचारलं. तो गहिनीनाथ. त्याची खोली तिच्या खोलीला लागूनच होती. शेतातल्या मोटारी लांबून चालू करायचं यंत्र तो बनवत होता.

"रेंज नसली तर?" अंजनानं विचारलं.

"रेंज लागतच न्हाई, रेडिओवर चालतं. कावून इचारता?"

अंजनाची बाटली भरून वाहू लागली. मागचे लोक करवादले.

पट्ट्याला गहिनीनाथचं यंत्र जोडलं. त्याच रांगेत कुणीतरी ताराबाईंचं नाव सुचवलं. नेकनूरकडच्या एका दूध संस्थेच्या त्या अध्यक्ष, संस्थेची छावणीही त्याच बघायच्या. त्यांनी पट्टा आधी स्वतःच्या गाईला बांधला.

"गाय आजारी हाय हे माझ्याआधी तुझ्या पट्ट्याला कळलं," त्या म्हणाल्या. "समद्या छावणीला बांध."

अंजनाची मुदत वाढली. ती सरांना म्हणाली, "सर, पंप आमी दुरुस्त करून देतो."

"बघू," सर म्हणाले.

ते 'बघू' पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लांबलं. नव्या कंपन्या आल्या त्या दिवशी अंजना अँटेना बसवायला गच्चीवर गेली. सहज टाकीचं झाकण उचललं. टाकी काठोकाठ भरलेली होती. खाली जाणाऱ्या पाइपाचा कॉक तेवढा बंद होता.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. वर्षभर बाटल्या वाहिल्या होत्या. ती तशीच तरातरा खाली आली.

नळापाशी नवी मंडळी मोबाइलमध्ये माना घालून उभी होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सर बाजूला उभे होते.

"ताई, वर पाणी कधी येणार?" रांगेतल्या एकीनं विचारलं.

अंजनानं सरांकडं पाहिलं. त्यांनी नजर वळवली.

"वर थेंब न्हाई," अंजना म्हणाली, आणि पुढं होऊन तिनं नळाची धार आणखी बारीक केली.