पायगुण

हाफटाइम संपल्याची शिट्टी आतून ऐकू आली, तसे म्हाताऱ्याने आपले स्टूल बंद दाराच्या आणखी जवळ ओढले. दाराला आतून कडी होती.

घरच्यांच्या लाडक्या फुटबॉल संघाला आज फक्त बरोबरी हवी होती. बरोबरी झाली तर वरच्या लीगमधली जागा वाचणार; हरला तर खालच्या लीगमध्ये. हंगामभर या संघाने कोणालाच थांग लागू दिला नव्हता. अव्वल संघाला त्यांच्याच मैदानावर लोळवायचे आणि पुढच्या आठवड्यात तळाशी पडलेल्यांकडून घरच्या मैदानावर मार खायचा. जीव लावावा तर तोंडघशी पाडणार. नाद सोडावा म्हटले, तर शेवटच्या क्षणी गोल करून पुन्हा गळ्यात पडणार.

अशा लहरीला कारण लागते. ते मुलाच्या मित्राने, कोपऱ्यावरच्या केमिस्टने शोधून काढले. म्हातारा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होता, त्या दिवशी संघाने चार गोल केले. घरी येऊन तो आपल्या खुर्चीत बसला आणि संघ हरला.

"काका, तुमचा पायगुण काही बरा नाही हं," केमिस्ट म्हणाला होता. सगळे हसले होते. मुलगा तेवढा हसला नव्हता.

तेव्हापासून सामना असला की म्हातारा बाहेर, जिन्याच्या माथ्यावर. त्याच्या चपलाही बाहेर. संघाचा मफलर मात्र आत, टीव्हीच्या डोक्यावर. तो शुभ ठरला होता. मफलर म्हाताऱ्याचाच होता.

समालोचनाचे शब्द दारातच विरत. पण ज्याचा जन्म वर्कशॉपमध्ये इंजिनांचे आवाज ऐकण्यात गेला, त्याला शब्द कशाला हवेत? खुर्च्या करकरल्या की कॉर्नर. मुलगा गप्प झाला की चेंडू आपल्या गोलपाशी.

एकाएकी आत आरोळी उठली. गोल! आपला! म्हातारा उभा राहिला आणि रिकाम्या जिन्यात त्याने दोन्ही हात उंच केले.

वरच्या मजल्यावरची शेजारीण पिशवी सावरत चढत होती. ती थबकली. "काका, किल्ली विसरलात का?"

"हो," म्हातारा म्हणाला आणि हात खाली घेतले.

थोड्या वेळाने कडी निघाली. सून चहा घेऊन आली.

"दार लाव आधी!" आतून मुलगा ओरडला.

"टीम काय यांच्या बापाची आहे?" सून पुटपुटली. कप देऊन तिने दार नुसते ओढून घेतले.

म्हातारा हसला. एका परीने होतीच. पोराला खांद्यावर बसवून पहिल्यांदा मैदानावर त्यानेच नेले होते. संघ त्या दिवशीही हरला होता. हमसून रडणाऱ्या पोराचे डोळे याच मफलरने पुसत तो म्हणाला होता, "आपली माणसं हरली म्हणून कोणी टाकतं का, वेड्या?"

आत मुलगा गप्प झाला. मग सगळेच गप्प झाले. बरोबरी.

"काका बाहेरच आहेत ना रे?" केमिस्टचा आवाज.

"आहेत," मुलगा म्हणाला. त्याच्या स्वरात म्हाताऱ्याला हंगामात पहिल्यांदाच शंकेची किंचित फट दिसली.

आपण बाहेर असूनही गोल बसला. आणखी एक बसला, तर कोणाला काही म्हणता येणार नाही. पुढच्या हंगामात आपली खुर्ची आपल्याला परत मिळेल. बसू दे, त्याच्या मनात आले.

क्षणभरच आले. आजाऱ्याच्या उशाशी बसून भलतेच मनात यावे, तसा तो शहारला. कप त्याने जमिनीवर ठेवला. नको, नको, तो मनातल्या मनात म्हणू लागला; पण तेवढ्यात आत काहीतरी फुटले, आणि नंतर बराच वेळ शेवटच्या शिट्टीखेरीज काहीच ऐकू आले नाही.

दार उघडले. मुलाचे डोळे लाल होते. मफलर त्याच्या मुठीत चुरगळला होता.

"बाबा, खरं सांगा. दाराला कडी नव्हती. डोकावलात ना?"

"अहो, काहीतरीच काय!" मागून सून म्हणाली. "मी दाराशीच उभी होते. हललंसुद्धा नाही ते."

केमिस्टने मान खाली घातली. म्हाताऱ्याने नुसती नकारार्थी मान हलवायची, एवढेच उरले होते. आत त्याची खुर्ची रिकामी दिसत होती.

तो मफलरकडे पाहत राहिला.

"हो," तो म्हणाला.

"वाटलंच मला," मुलगा म्हणाला, आणि त्याच्या कपाळावरची शीर हळूहळू सैलावली. त्याने वाकून स्टूल उचलले आणि ते खालच्या मजल्यावर ठेवायला तो जिना उतरू लागला.

म्हाताऱ्याने चपला पायात सरकवल्या, निवलेला कप उचलला, आणि कठड्याला धरून तो त्याच्या मागोमाग निघाला.