चौथं चित्र

गोदावरीला किती पूर आलाय हे नाशिककर नदीतल्या दुतोंड्या मारुतीवरून ओळखतात. वाचता न येणाऱ्यांनाही कळावं म्हणून वॉर्ड ऑफिसनं लहानू पेंटरला भिंतीवर चार चित्रं सांगितली: पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, डोक्यावरून; प्रत्येकात कुठल्या गल्लीनं घरं सोडायची. लहानू कीर्तनवेडा. देवाला बुडवायला हात धजेना. त्यानं तीनच काढली. काल मारुती दिसेनासा झाला. आज पाणी ओसरल्यावर मालेगावहून नव्यानं आलेली हाजरा शिलाई मशीनमधला चिखल काढत होती. “वेळेत निघाला नाहीत, भाभी?” लहानूनं विचारलं. “चित्रात आपली गल्लीच नव्हती, भाऊ. म्हटलं, इथवर पाणी येत नसेल.” लहानूची मान खाली गेली. “चौथं चित्र मीच गाळलं. देवाच्या डोक्यावरून पाणी काढवेना.” हाजरानं फडकं पिळलं. “तो तर तिथंच उभा आहे, भाऊ.” लहानूनं भिंतीपाशी चपला काढल्या अन् निळा रंग कालवला.