अर्ध्यावर सोडलेला उपदेश

खिशातला फोन घुरघुरला आणि चर्चचे पाळक ऐन उपदेशात गप्प झाले.

"आलाच बघा," हेडसर पुटपुटले.

पाळकांनी फोन काढून नुसतं नाव बघितलं. चेहरा खर्रकन उतरला. "एक गाणं म्हणून घ्या, मी आलोच," एवढं बोलून ते व्यासपीठावरून जवळजवळ उडी मारूनच उतरले आणि बाजूच्या खोलीत शिरले. दार लागलं. ऑर्गनवाल्या मावशींनी घाईघाईत हाताला येईल ते गाणं सुरू केलं, ते नेमकं अंत्यविधीचं निघालं.

हे काही पहिल्यांदा नव्हतं. हेडसर म्हणजे मंडळीच्या पंचांचे प्रमुख. ते शाळेतून निवृत्त झाले होते, पण हेडमास्तरकी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. चर्चमध्ये कोण उशिरा येतं, गाताना कोण नुसते ओठ हलवतं, सगळं त्यांना दिसायचं. मग हे दिसणार नाही? त्यांच्या मनात शंकेची पाल नुसती चुकचुकत नव्हती, तिने आता तिथे अंडी घातली होती. तरणाताठा पाळक. बायको महिनाभर माहेरी. आणि फोन कुणाचा म्हणून विचारलं की एकच उत्तर, "ते मला सांगता येणार नाही, सर." कॉपी लपवणाऱ्या पोरांचा चेहरा अस्साच असतो!

आज उपासनेनंतर पंचांची बैठक होती. पाळकांना ठेवायचं की घालवायचं, एवढाच विषय. बाकीचे पंच तळ्यात-मळ्यात करत होते, त्यांना पुरावा हवा होता. हेडसर उठले.

हेडसरांच्या बायकोने त्यांची बाही पकडली. "नका ना जाऊ. बोलू द्या त्यांना."

"तुझा भारी विश्वास गं त्या माणसावर!"

"आहे," ती म्हणाली. तिचा हात गार पडला होता. हेडसरांनी बाही सोडवून घेतली. घरातच फितुरी!

"मेंढपाळाने कळप असा वाऱ्यावर सोडायचा असतो का?" जाता जाता ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

"सोडला होता की बायबलातल्या एकाने," मागच्या बाकावरून एक आजी बोलल्या. "एका मेंढरापायी नव्याण्णव सोडली होती हो, सर." कुणीतरी खुदकन हसलं. हेडसरांनी तिकडे रोखून बघितलं आणि पुढे झाले.

त्यांनी दाराला कान लावला. हो, चक्क हेडसरांनी!

"मी आहे ना," आत पाळक हळू आवाजात बोलत होते. "नाही, त्यांना नाही कळणार. शब्द दिलाय ना मी? आधी आत ये. दार लावून घे... उपदेश राहिला तर राहू दे. माझं पाळकपण गेलं तरी जाऊ दे. तू आत ये आधी."

आत ये. दार लावून घे. त्यांना नाही कळणार! त्यांना म्हणजे कुणाला, बापाला की नवऱ्याला? हेडसरांचे कान तापले. याहून वेगळा पुरावा काय असतो? त्यांनी दार धाडकन ढकललं.

पाळक जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. हेडसरांना बघताच ते पांढरेफटक पडले.

"सर, आत्ता नको. पाया पडतो तुमच्या. बैठकीत मला काढून टाका, म्हणाल तिथे सही करतो. पण आत्ता बाहेर जा."

"म्हणजे कबूल!" हेडसरांनी फोन हिसकावला आणि अख्खं मैदान चिडीचूप करणाऱ्या आवाजात गरजले, "कोण गं तू? आधी तुझ्या बापाला बोलाव फोनवर!"

पलीकडे नुसता वारा होता. उंच गच्चीवर असतो तसला, सुसाट. मग लांब शिकायला गेलेल्या त्यांच्या लेकाचा आवाज आला.

"बाबा?"